घळीतला डबा

गेल्या डिसेंबरातली द्वादशी. संध्याकाळी सव्वासहाला कोकणातून मामीचा फोन. एरवी ती मिस्ड कॉल देते, त्यामुळे तिथेच काहीतरी बिनसलंय हे कळलं. "तुझा तो डबा शोधायला कोण येणार होतं काय रे आज?" सड्याच्या, म्हणजे गावावरच्या उघड्या कातळमाळाच्या, टोकाला एक मोटरसायकल उभी होती, आरशाला हेल्मेट अडकवलेलं. शेजारच्या काकूंनी लाकडांना जाताना ती पाहिली, मोळी घेऊन येताना पुन्हा तिथेच पाहिली. अंधार पडला होता आणि आसपास माणूस नव्हतं.

माझ्या पोटात गोळा आला. कारण डबा मीच ठेवला होता, घळीच्या आत, आणि घळ कुठे आहे ते दशांश चिन्हानंतर पाच आकड्यांपर्यंत अख्ख्या जगाला सांगून ठेवलं होतं.

ज्यांना हे खूळ माहीत नाही त्यांच्यासाठी. जिओकॅशिंग म्हणजे जीपीएसवरची लपाछपी. कोणीतरी डबा लपवतो, अक्षांश-रेखांश वेबसाइटवर टाकतो, दुसरा शोधून काढतो, आतल्या वहीत नाव-तारीख लिहितो आणि डबा जिथे होता तिथेच परत ठेवतो. 2 मे 2000 रोजी अमेरिकेने जीपीएसमधली मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली. तोवर साध्या यंत्राला जागा शंभरेक मीटर इकडेतिकडे दिसायची. दुसऱ्याच दिवशी ऑरेगॉनमध्ये डेव्ह उल्मर नावाच्या गृहस्थाने एक बादली रानात ठेवली आणि तिचे आकडे इंटरनेटवर जाहीर केले. झाला खेळ सुरू.

तसं बघितलं तर कोकणात हा खेळ फार जुना आहे. कशेळीच्या कनकादित्याची आख्यायिका आठवा. सौराष्ट्रातून निघालेलं गलबत कशेळीपाशी अडलं, नाखव्याने सूर्याची मूर्ती किनाऱ्यावरच्या घळीत ठेवली आणि मग गलबत हललं. घळीचा पत्ता कनका नावाच्या सूर्यभक्त बाईला स्वप्नात मिळाला. जीपीएस नव्हतं, पण आकडे बरोबर पोचले!

माझा डबा म्हणजे चार बाजूंनी क्लिपा असलेला प्लास्टिकचा, दोनशे रुपयांचा. आत चाळीस पानी वही, पेन्सिल, दोन कवड्या, गणपतीचं की-चेन. पेन्सिलच, कारण दमट हवेत शाई पसरते. पहिल्यांदा हौसेने लिमलेटच्या गोळ्याही ठेवल्या होत्या. महिन्याभरात उंदरांनी डब्याचा कोपरा कुरतडून गोळ्या नेल्या. खाण्याची वस्तू डब्यात ठेवू नये हा नियम मी वाचला होता, पण नियम वाचणं वेगळं आणि भोक पडलेला डबा हातात घेणं वेगळं. जागा निवडताना मी फक्त एकच विचार केला होता की फोटो चांगला येतो. ऐन ओहोटीला गेलो होतो, पाय कोरडे ठेवून आत शिरलो, पाय कोरडे ठेवून बाहेर आलो. वर्णनात लिहिलं, "सोपी, सुंदर जागा."

आता तिथीचं गणित. आमच्याकडे कालवं, म्हणजे कातळाला चिकटलेले शिंपले, काढायला जाणाऱ्या बायकांना हे तोंडपाठ असतं. तिथीची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला 3 वाजता, अष्टमीला 6 वाजता, द्वादशीला 9 वाजता. सकाळी आणि रात्रीही. मधे सव्वासहा तासांवर सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी. अर्धा-पाऊण तास मागेपुढे होतं, म्हणून जीव पणाला लावायचा असेल तर छापील भरती-कोष्टकच बघा. पण तेवढं साधं गणित केलं असतं तरी कळलं असतं की द्वादशीच्या दिवशी सव्वातीनला पाणी तळाला जातं आणि तिथून चढायला लागतं. मोटरसायकलवरून आलेली ही दोन पोरं घळीत शिरली पावणेपाचला. पहिल्या दोन तासांत पाणी हळू चढतं, मधल्या दोन तासांत धावतं. वही शोधून, नावं लिहून, रील काढून ती मागे वळली तेव्हा घळीच्या तोंडाशी कमरेएवढं पाणी आणि त्यावर लाट.

मामा दोघा-तिघांना घेऊन दोर, बॅटऱ्या घेऊन गेला. मी फोनवर ओरडत होतो, कोणालातरी पोहत पाठवा, 112 ला कळवा. 112 ला मी पुण्यातून लावलाच; घळीपाशी तर रेंजही येत नाही. मामा मात्र थंड. वरून हाक मारली, आतून ओ आली. तेवढं ऐकलं आणि त्याने जाहीर केलं, "खाली कोण उतरायचा नाय. पोरांनू, मागच्या उंचावर बसून र्‍हावा. पानी बाराला जाईल." आणि सगळे कड्यावर बसून राहिले. दर पंधरा मिनिटांनी हाक, आतून ओ.

तेव्हा मला त्याचा राग आला होता. नंतर नीट विचार केला. 2018 मध्ये थायलंडच्या थाम लुआंग गुहेत 12 मुलं आणि त्यांचा प्रशिक्षक पावसाच्या पाण्याने अडकले, ती बातमी आपण सगळ्यांनी श्वास रोखून पाहिली होती. पाणी उपसायच्या कामात आपल्या किर्लोस्करांचे इंजिनियरही गेले होते. मुलं दहाव्या दिवशी सापडली, अठराव्या दिवसापर्यंत सगळी बाहेर आली. पण सुटकेच्या कामात जीव गेला तो समन कुनान या थाई नौदलाच्या माजी पाणबुड्याचा, म्हणजे तरबेज माणसाचा. रात्री खवळलेल्या पाण्यात, कालवांच्या धारदार कातळावर मामाने एकालाही उतरू दिलं नाही, यातच सगळं आलं.

बाराच्या सुमारास दोघं बाहेर आली. ओली, कुडकुडलेली, पायाचे तळवे कालवांनी चिरलेले. दोघांत मिळून एक मोबाइल आणि तोही बंद पडलेला. गुहेत शिरणारे अनुभवी लोक माणशी तीन दिवे नेतात, एक डोक्याला आणि दोन जास्तीचे. कमीत कमी तिघं-चौघं जातात, आणि बाहेरच्या कोणालातरी सांगून जातात की अमुक वाजेपर्यंत आलो नाही तर शोधायला या. या पोरांसाठी हे शेवटचं काम काकूंच्या मोळीने केलं. निव्वळ नशीब.

पोरांना मी दोष देत नाही. वीस वर्षांचा असताना मीही शिरलोच असतो. दोष डबा ठेवणाऱ्याचा आहे. जागा जाहीर करणारा माणूस घरी बसून असतो आणि चालतात ते दुसऱ्याचे पाय.

त्यात जीपीएसवर आपला भलता विश्वास. उघड्या सड्यावर मोबाइल पाच-दहा मीटरने चुकतो, तिथे काही बिघडत नाही. कड्याखाली सिग्नल दगडावर आपटून येतो आणि चूक आणखी वाढते. कड्याच्या कडेला दहा मीटर म्हणजे काय, हे मोबाइलला माहीत नसतं. देवाचे गोठणेच्या सड्यावर तर एका कातळशिल्पापाशी, म्हणजे कातळावर कोरलेल्या जुन्या चित्रापाशी, होकायंत्राची सुईच भरकटते.

आणि आपल्या घळी-विवरं म्हणजे मेघालयातल्या चुनखडीच्या गुहा नव्हेत. सड्यावर जांभ्याचा वरचा थर कडक, खालचा मऊ. पाणी खालची माती हळूहळू घेऊन जातं आणि वर छप्पर तेवढं उरतं. जांभ्याचा कापलेला चिरा हवा लागून घट्ट होतो हे खरं, पण पावसाळाभर पाणी प्यालेल्या छपराची खात्री कोण देणार? हेल्मेट घातलेला एकही रीलवाला मी अजून पाहिला नाही. हेदवीच्या बामणघळीचं नावच मुळी तिथे बुडालेल्या ब्राह्मणाच्या गोष्टीवरून पडलं म्हणतात, तरी भरतीच्या वेळी लोक तिच्या काठावर पाठ करून फोटो काढतात.

माणसांचं झालं, आता आत राहणाऱ्यांचं. वटवाघळांच्या मादीला बहुतेक जातींत वर्षाला एकच पिल्लू. दिवसा डोळ्यांवर झोत मारून त्यांना उठवलं तर नुकसान भरून यायला किती काळ लागेल, हिशेब करा. त्यांच्या वाळक्या विष्ठेची धूळ फुप्फुसात जाऊन बुरशीचा आजार होऊ शकतो, तेव्हा ती धूळ उडवूच नका. वेंगुर्ल्यासमोरच्या बेटावरच्या गुहेत पाकोळी पक्ष्यांची वस्ती आहे. लाळेने बांधलेली त्यांची घरटी परदेशात सूप करण्यासाठी चोरली जायची. पत्ता फुटला की काय होतं, ते त्या पाकोळ्यांना विचारा.

मारळच्या मार्लेश्वराच्या गुहेत सापांना त्रास नको म्हणून विजेचे दिवे नाहीत, समईच्या उजेडात दर्शन घ्यायचं. गावाने हे कुठल्या गाइडलाइनमध्ये वाचलं नव्हतं. कोकणातली एकही घळ बेवारस नाही. कुठे राखणदार, कुठे नारळ, निदान कोणाचा तरी सातबारा. आधी गावात विचारा, देवापुढे गाऱ्हाणं घालायला सांगितलं तर घाला, नको म्हटलं तर परत फिरा. खेळाचाही नियम हाच आहे: जागेच्या मालकाची परवानगी, आणि खड्डा खणून पुरायचं नाही.

कातळशिल्पांवर तर डबा ठेवूच नका. 2022 मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत कोकणातल्या नऊ ठिकाणांची नोंद झाली, त्यात उक्षी, बारसू, कुडोपी आहेत. तिथे डबा शोधताना लोक दगड उलटतात, रेषांवर बूट घासतात. डब्याशिवायही खेळता येतं. 2004 पासून अर्थकॅश हा प्रकार आहे, त्यात जागा बघून तिथल्या भूगर्भाबद्दलच्या प्रश्नांची उत्तरं द्यायची. मला तरी कोकणासाठी तोच योग्य वाटतो.

दुसऱ्या आठवड्यात सुकतीला जाऊन मी डबा काढून आणला आणि वेबसाइटवरची नोंद बंद केली. वहीच्या शेवटच्या पानावर अंधारात लिहिलेलं, ओळी एकमेकींवर चढलेल्या: "वरून काका हाका मारतायत. ओहोटीची वाट बघतोय. आईला सांगू नका."

डबा आता मामाच्या पडवीत असतो, रीतसर परवानगीने. येणाऱ्याला मामी कोकम सरबत देते, आज तिथी काय आहे ते सांगते, पुढे कुठे जाणार आणि कधी परतणार ते विचारून घेते. घळीचा पत्ता देत नाही. परवा एकाने वेबसाइटवर लिहिलं, "फारच सोपं. मजा नाही." मी मामीला वाचून दाखवलं.

"सोपं?" मामी म्हणाली. "मग अर्धा तास आमच्या गोठ्यामागे काय शोधत होता तो?"