कथेच्या दालनात आधी सतरंजी अंथरू द्या

भारतातल्या कथा सांगण्याच्या परंपरेवर एक मोठं प्रदर्शन भरतंय. त्यातलं मुख्य दालन आखायचं काम माझ्याकडे आहे. परवा माझा नकाशा परत आला. शेरा असा : बसायची जागा काढा, तिथे दोन मोठे स्क्रीन मावतील. मी नाही म्हटलं. का, ते बडोदेकरांना चटकन कळेल म्हणून इथे लिहितोय.

सतराव्या शतकात आपल्या गावात गुजराती आख्यानकवी प्रेमानंद होऊन गेला. त्याची आख्यानं माणभट गातात. माण म्हणजे मोठ्या पोटाची, अरुंद तोंडाची तांब्याची घागर. बोटांत अंगठ्या घालून माणभट तिच्यावर ठेका धरतो आणि कथा सांगतो. लहानपणी आजीबरोबर मी नळाख्यान ऐकायला गेलो होतो. नळ झोपलेल्या दमयंतीला रानात सोडून निघतो, तिथे माणभटांनी ठेका तोडला आणि तळवा घागरीवर टेकवला. नाद जागच्या जागी मिटला. आजी लग्न होऊन सांगलीकडून आलेली, गुजराती तिला जेमतेम कळायचं. तिने पदर डोळ्यांना लावला. माणभटांनी ते पाहिलं आणि पुढची ओळ अगदी हळू आवाजात घेतली.

ते आजीकडे पाहू शकले, कारण आम्ही तीन हातांवर बसलो होतो. दालनात मला हेच अंतर हवंय. कीर्तनातही तेच. पूर्वरंगात अभंगाचं निरूपण, मग बुक्का, मग उत्तररंगात आख्यान, ही चौकट ठरलेली. पण आख्यान किती रंगवायचं आणि कुठे आवरायचं, ते बुवा सभेकडे बघून ठरवतात. रेकॉर्डिंगला समोर कोण बसलंय ते दिसत नाही.

पिंगुळीच्या ठाकरांची चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत कथा सांगण्याची कला घ्या. त्यातली चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात. एक बाजू सांगून झाली की पान फिरवायचं. तेच पान फ्रेम करून भिंतीवर टांगलं की मागचा प्रसंग कायमचा भिंतीकडे तोंड करून राहतो! म्हणून माझ्या नकाशात ही पानं मधोमध, दोन्ही बाजूंनी काच असलेल्या चौकटीत आहेत.

चित्रं पुरेशी बोलतात, असं मला सांगण्यात आलं. बोलतात, मान्य. सयाजीरावांनी राजा रविवर्म्याकडून 14 पौराणिक चित्रं करवून घेतली, बडोद्याच्या कीर्तिमंदिरात नंदलाल बोसांची भित्तिचित्रं आहेत. त्यांच्यापुढे आपण थबकतो, कारण त्या कथा आधी कुणीतरी मांडीवर घेऊन सांगितलेल्या असतात. ज्या मुलाला त्या कुणी सांगितल्याच नाहीत, त्याच्यासाठी तर हे दालन आहे.

स्क्रीनशी माझं वैर नाही. इतर भाषांतल्या लोकांना अर्थ कळावा म्हणून एक छोटा स्क्रीन बाजूला ठेवलाय. पण मधली 20 बाय 20 फुटांची बैठक मी सोडणार नाही. नऊ इंचांचा ओटा, जमिनीवर सतरंज्या, माइक नाही. दालनाच्या पत्र्याच्या भिंतींवर तांब्याचा नाद घुमून शब्द गिळले जातील, म्हणून आतून जाड गोधड्या लावायच्या आहेत.

सोमवारी पुन्हा बैठक आहे. त्याआधी नकाशा परत पाठवणाऱ्या मंडळींना एकदा तरी जवळ बसून आख्यान ऐकवायचंय. तुमच्या ओळखीत कुणी माणभट किंवा कीर्तनकार असतील आणि रविवारी संध्याकाळी दांडिया बाजारात तासभर येऊ शकत असतील, तर मला मेसेज करा. बिदागी मी देईन.