कडी-कोयंडा आणि रोझ गोल्ड

घराचं काम काढलं की लोक आपल्याला टाइल्सबद्दल सावध करतात, ओट्याच्या दगडाबद्दल सावध करतात, रंगाऱ्यांबद्दल तर शपथेवर सांगतात. हार्डवेअरबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. टाइल्स बसतात, पैसे संपत येतात, नवरा-बायकोत पुन्हा बोलणं सुरू होतं, आणि अशा बेसावध क्षणी सुतार कानावरची पेन्सिल काढून विचारतो, ‘‘साहब, हार्डवेअर कौनसे फिनिश में लेना है?’’

‘‘चांगल्या,’’ मी म्हणालो.

त्यानं माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं आणि मोबाइल पुढे केला. एकाच हँडलचे फोटो ओळीनं लावलेले. एसएस मॅट, एसएस ग्लॉसी, सीपी, साटन, अँटिक, अँटिक कॉपर, ब्लॅक, गनमेटल, पीव्हीडी गोल्ड, रोझ गोल्ड, शॅम्पेन गोल्ड. हँडल तेच, पण शॅम्पेनपर्यंत पोचेस्तोवर किंमत दुप्पट.

आमच्या लहानपणी कडीला स्वतःचा रंग असण्याची पद्धतच नव्हती. दाराचा तोच कडीचा. रंगारी वरून ब्रश मारत यायचा तो वाटेत कडी येवो, कोयंडा येवो, बिजागरी येवो, थांबायचा नाही. विसरून लटकत राहिलेल्या कुलपालाही त्यानं एकदा दाराचा सभासद करून घेतलं होतं. अशी थरांवर थर चढून वाड्यातल्या मागच्या दाराची कडी इतकी गलेलठ्ठ झाली होती की ती सरकवायला घरातला दांडगा माणूस हाकारावा लागे. एकदा तिचा पोपडा निघाला. वरचा हिरवा, त्याखाली तपकिरी, त्याखाली अबोली, आणि त्याच्याही खाली बहुधा पेशवाई. ‘फिनिश कोणता’ हा प्रश्न त्या कडीला कोणी विचारला असता तर तिनं सगळेच सांगितले असते.

आता मला स्वतःला रोझ गोल्ड आवडला होता. हे इथेच सांगून टाकतो, कारण पुढे मला सांगायची संधी मिळाली नाही. सर्वसाधारणपणे घरात बायको रंगावर भाळते आणि नवरा ‘ग्रेड काय, गॅरंटी काय’ करत बसतो म्हणतात. आमच्याकडे उलटं आहे. माझी बायको मेटलर्जी शिकलेली आहे आणि भोसरीच्या एका कारखान्यात क्वालिटी बघते. तिला रंग दिसत नाही. तिला रंगाखालचं दिसतं.

हायवेवरच्या एका भल्या मोठ्या शोरूममध्ये आम्ही गेलो. थंडगार एसी, पांढरेशुभ्र दिवे, भिंतभर हँडलं टांगलेली, आणि ब्लेझर घातलेला एक तरुण. त्यानं टॉवर बोल्टला, म्हणजे सरकत्या कडीला, चुंबक लावून दाखवलं. ‘‘मॅम, बघा, चिकटत नाही. प्युअर थ्री-नॉट-फोर.’’

‘‘टू-नॉट-टूलाही चिकटत नाही,’’ बायको म्हणाली.

तिथून पुढचा अर्धा तास मी सोफ्यावर काढला. माझ्या कानावर पडलं ते असं: ३०४ स्टीलमध्ये १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. निकेल महाग, म्हणून २०२ मध्ये ते कमी करून मँगनीज भरतात. दिसायला दोघं जुळे भाऊ, चुंबकाला दोघंही दाद देत नाहीत. पण बाथरूमच्या दारावर चार पावसाळे काढले की एकाच्या अंगावर तांबूस ठिपके उठतात. एवढं बोलून तिनं पर्समधून एक छोटी बाटली आणि नऊ व्होल्टची बॅटरी काढली. (इतर बायकांच्या पर्समध्ये काय असतं मला माहीत नाही. मी या एकाच पर्सबरोबर संसार केला आहे.) बोल्टच्या मागच्या बाजूला एक थेंब टाकला, बॅटरी टेकवली. थेंब लाल झाला. म्हणजे मँगनीज. म्हणजे २०२. तरुणानं त्या लाल थेंबाकडे आणि मग सीसीटीव्हीकडे पाहिलं.

‘‘आणि सॉल्ट स्प्रे किती तासांचा केलाय?’’ तिनं विचारलं. पाच टक्के मिठाच्या पाण्याचं धुकं करून त्यात ३५ अंशाला माल ठेवायचा आणि किती तासांनी गंजतो ते बघायचं, अशी ती परीक्षा असते. तरुण म्हणाला, ‘‘मॅम, कॉफी घेणार का?’’

मी मात्र कॉफी घेतली आणि हळूच रोझ गोल्डच्या हँडलपाशी गेलो. त्या पांढऱ्या उजेडात ते असं काही दिसत होतं की त्याला दार लावायची गरजच वाटू नये. ‘‘हे पीव्हीडी आहे, सर. हे जात नाही,’’ तरुण कृतज्ञतेनं म्हणाला. मी आशेनं बायकोकडे पाहिलं. ती म्हणाली, खरंच जात नाही. निर्वात पेटीत धातूची वाफ करून तो थर बसवतात, चिवट असतो. त्यातला सोनेरी असतो ना, तो बहुतेक वेळा टायटॅनियम नायट्राइड. ‘‘आमच्याकडे ड्रिलच्या बिटांवर हाच असतो,’’ ती म्हणाली. ‘‘रोज पेटीभर येतात.’’

राजेशाही थाट आणि ड्रिलचं टोक हे एकदा शेजारी दिसले की पुन्हा वेगळे करता येत नाहीत. थराची जाडी विचारली तर एका मायक्रॉनच्या आसपास. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन. क्रोम तर आणखी पातळ, पाव ते अर्धा मायक्रॉन. खाली निकेलचा जाड थर असतो तो खरा राबतो, क्रोम नुसतं वर बसून चमकतं. प्रत्येक कार्यालयात असतं तसंच. म्हणजे मी गेले काही आठवडे ज्याच्यावरून रात्री जागा राहत होतो ती वस्तू केसाच्या सत्तराव्या भागाएवढी होती.

आमच्या मुलीचं म्हणणं सोपं होतं. सगळं मॅट ब्लॅक. तिनं इन्स्टाग्रामवरचं एक बाथरूम दाखवलं, त्यात काळा नळ, काळा शॉवर, काळी जाळी आणि एक एकटीच निवडुंगाची कुंडी. बाथरूममध्ये बादली नव्हती, त्यामुळे माझा त्या घरावर विश्वास बसला नाही. शिवाय आमच्या सोसायटीला उन्हाळ्यात टँकर येतो. त्या पाण्याचा एक थेंब वाळला की काळ्यावर पांढरी रांगोळी उमटते. टँकरच्या पाण्यावर काळा नळ बसवणारा माणूस एकतर दिवसभर फडकं घेऊन उभा असतो, नाहीतर फ्लॅट भाड्यानं देणारा असतो.

शेवटी आम्ही रविवार पेठेत बोहरी आळीत गेलो. खरं म्हणजे सुरुवातच तिथून करायला हवी होती, पण पार्किंगच्या विचारानं माणूस आधी हायवेला जातो. गल्ली चिंचोळी, दुकानाच्या दारात दोऱ्या, पत्र्याच्या बादल्या, साखळदंड. आत शिरलं की छतापर्यंत खोकी, प्रत्येक खोक्याच्या तोंडाला नमुन्याची एकेक वस्तू तारेनं बांधलेली. गल्ल्यावरचे शेठ वयस्कर. त्यांनी फिनिशबद्दल चकार शब्द विचारला नाही. त्यांनी माझ्या दोन्ही हातांत एकेक हँडल दिलं आणि म्हणाले, ‘‘साहेब, डोळे मिटा.’’

मी मिटले.

‘‘कुठलं जड?’’

डावं. डावं चांगलंच जड होतं, गारही वाटत होतं. डोळे उघडले तर दोन्ही हँडलं हुबेहूब तीच, काळपट सोनेरी अँटिक. डावं भरीव पितळेचं, उजवं झिंकच्या साच्यातलं, वर मुलामा. ‘‘आता रंग बघा,’’ शेठ म्हणाले. ‘‘वरचं मशीन करतं. आतलं वजनावर मिळतं.’’ आणि त्यांनी खरोखरच तराजूकडे बोट दाखवलं. पितळी माल ते अजून किलोवर देतात. एवढ्या खोलीत जाणारा दुकानदार पाहून बायकोचा चेहरा उजळला. आमच्या लग्नातही मी तो इतका उजळलेला पाहिला नव्हता.

मी मात्र उजव्याच्या किमतीकडे बघत होतो. ती निम्म्याहून कमी होती. तेव्हा दोन्ही नमुने डिपॉझिट भरून घरी आणले. दुकानातला उजेड वेगळा, घरातला वेगळा, असं मीच सुचवलं. संध्याकाळी पिवळ्या दिव्याखाली ठेवून बघू, मग ठरवू. दोन्ही हँडलं जेवणाच्या टेबलावर ठेवली आणि आम्ही दोघं कामाला गेलो.

घरी आई होती.

आईचं माहेर गुहागरचं. खाऱ्या वाऱ्यात लोखंडाची बिजागरी कशी पापुद्रे सुटून गळून पडते हे तिनं पाहिलंय, आणि देवघराच्या दाराची पितळी कडी मात्र तशीच टिकलेली पाहिलीय. त्यामुळे पितळ म्हणजे ते घासायचं, ही तिची एकमेव मेटलर्जी. टेबलावर काळं पडलेलं पितळ दिसल्यावर तिनं दुसरं काय करायचं होतं? संध्याकाळी आलो तर दोन्ही हँडलं ओट्यावर उपडी घातलेली, शेजारी चिंचेचा कोळ, पितांबरीची वाटी आणि तारेची घासणी.

‘‘काय रे, कुठल्या भंगारवाल्याकडून आणलंस?’’ आई म्हणाली. ‘‘आधी चिंचेनं हललंच नाही काही. वर कसलंतरी तेलकट बसवलं होतं. शेवटी तारेनं घासलं.’’

तेलकट म्हणजे लॅकर, रंग टिकावा म्हणून वर मारलेला पारदर्शक थर. चिंचेतलं आम्ल पितळेवरचा काळेपणा खातं, पण लॅकरपुढे त्याचं चालत नाही. तारेच्या घासणीपुढे मात्र लॅकरचं चालत नाही. डावं हँडल, शेठच्या वजनातलं, आता लख्ख पिवळं झालं होतं. देव्हाऱ्यातल्या समईशेजारी ठेवलं असतं तर खपून गेलं असतं. उजव्याची कथा निराळी. कडेला काळपट, मग तांबूस, आणि मधोमध आई मन लावून घासत होती तिथे चक्क पांढरट राखाडी.

‘‘हे पितळ नव्हेच,’’ आई म्हणाली. ‘‘फसवलं तुला.’’

बायकोनं ते हँडल दोन बोटांत धरून खिडकीपाशी नेलं. खाली झिंक, त्यावर तांब्याचा थर, तो काळा करून घेतलेला, त्यावर लॅकर. ‘‘आई, हे बघायला आम्हाला नमुना कापून, घासून सूक्ष्मदर्शकाखाली धरावा लागतो. तुम्ही नुसत्या घासणीनं केलंत.’’ मग तिनं सांगितलं की नवीन पितळ रसायनात बुडवून मुद्दाम काळं करतात, उंचवटे पुसून घेतात आणि ‘जुनं’ म्हणून जास्त भावानं विकतात. आईनं जन्मभर जुनं पितळ नवं केलं होतं. नवं पितळ जुनं करायला कोणी पगार घेतं यावर तिचा विश्वास बसेना. ती दोनदा म्हणाली, ‘‘पैसे देऊन?’’

डिपॉझिट अर्थातच बुडालं. शेठनी ते हँडल हातात घेऊन बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, ‘‘तारेची घासणी?’’ मग म्हणाले, ‘‘माताजींना सांगा, आमच्याकडे अशा बऱ्याच येतात.’’

तर मुख्य दाराला भरीव पितळ ठरलं, बिनलॅकरचं. या मुद्द्यावर सासू-सून एक झाल्या, आणि त्या एक झाल्यावर ठरावाला अनुमोदन देण्यापुरताच मी उरतो. बायकोनं वर पुरावाही जोडला: अमेरिकेच्या पर्यावरण खात्यानं २००८ मध्ये तांब्याला आणि पितळेसारख्या त्याच्या मिश्रधातूंना जंतू मारणारे पृष्ठभाग म्हणून नोंदणी दिली आहे, फक्त वर लॅकर नको. आई म्हणाली, ‘‘बरं झालं, त्यांनाही कळलं.’’ बेडरूमना ३०४ मॅट, थेंबानं पारखून. नळ क्रोमचे. मुलीच्या खोलीला तिच्या हट्टाखातर काळं. रोझ गोल्डचं मी एक कपाटाचं बटण मागितलं, तेही माझ्या बाजूच्या, आतल्या कप्प्याला. विचाराधीन आहे.

पण हँडल ठरलं म्हणजे हार्डवेअर ठरलं असं समजणाऱ्यानं घर घेऊ नये. पितळी हँडलखाली स्टीलचं कुलूप कसं दिसेल? म्हणून कुलपाची पट्टी पितळी. मग आयहोल पितळी, बिजागऱ्या पितळी, दाराचा स्टॉपर पितळी. सेफ्टी डोअरचं काय? त्याच्या जाळीचं काय? बेलचं बटण पांढरं प्लॅस्टिकचं आहे हे इतकी वर्षं कोणाला खुपलं नव्हतं. आता ते दारात उभं राहून माझ्याकडे बघतं. नावाच्या पाटीवरची अक्षरं स्टीलची निघाली. पितळी नाव करून घेऊ म्हटलं तर वीज बिलावरचं स्पेलिंग निराळं, हा निराळाच विषय आहे.

आणि एवढं सगळं आणून दारापुढे मांडल्यावर सुतारानं खिशातून काळ्या स्क्रूची पुडी काढली. हे तेच काळे ड्रायवॉल स्क्रू, ज्यांच्यावर आज महाराष्ट्रातलं निम्मं फर्निचर उभं आहे. ‘‘साहब, यही पकड़ता है. पीतल का स्क्रू नरम होता है, मुंडी उड़ जाएगी.’’

बायको पुढे झाली. आधी त्याच मापाचा स्टीलचा स्क्रू फिरवून आटे पाडून घ्या, तो काढा, मग त्यात पितळी बसवा. त्याला हे माहीत होतं. आम्हाला माहीत नसावं, एवढीच त्याची माफक अपेक्षा होती. त्यानं सुस्कारा टाकून मशीन ठेवलं आणि हाताचा स्क्रू-ड्रायव्हर घेतला. सगळं बसलं. दार लागलं, उघडलं, पुन्हा लागलं. आईनं चष्मा वर करून जवळून पाहिलं.

‘‘या वरच्या स्क्रूची खाच आडवी आहे,’’ ती म्हणाली. ‘‘आडव्या खाचेत पितांबरी साठून राहते. उभी करून दे रे बाबा.’’

‘‘माताजी, टाइट हो गया है.’’

‘‘थोडीशीच.’’

त्यानं थोडीशी पिळली. कट्‌ असा आवाज झाला, निम्मा स्क्रू दारात राहिला आणि मुंडी घरंगळत आईच्या पायापाशी आली. कोणीच काही बोललं नाही. बायकोनं ती उचलली, उजेडात धरून तुटलेल्या बाजूकडे डोळे बारीक करून पाहिलं आणि म्हणाली, ‘‘झिंक जास्त दिसतंय यात.’’