३९ उत्तरं, एकच चूक

गेल्या महिन्यात ऑनलाइन कोर्सच्या असाइनमेंट तपासायला बसलो. विषय अर्थशास्त्र, पोरं ६४, सगळी जळगाव-धुळ्याकडची. प्रश्न होता, पुरवठ्याची लवचिकता म्हणजे काय ते उदाहरणासह लिहा. ३९ जणांनी ‘लवचिकता’ऐवजी ‘लवचिता’ लिहिलं होतं. एकाने टाइप केलं, व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं, बाकीच्यांनी जसंच्या तसं उचललं.

खूप राग आला. त्याच रागात अमळनेर तालुक्यातल्या एका मुलीला फोन लावला. “बेटा, लवचिकता म्हणजे काय गं?” बराच वेळ शांतता. मग हळूच, “सर, माले समजनं नही.”

मी विचारलं, तुमच्याकडे कापूस असतो ना, विकला का यंदा? तशी ती जी बोलायला लागली! खेडा खरेदीवाला दारात येऊन भाव पाडून मागतो. अर्धा कापूस दिवाळीआधीच द्यावा लागला, कृषी केंद्राची उधारी होती. उरलेला पुढच्या खोलीत भरलाय, रात्री सगळ्यांच्या अंगाला खाज सुटते, पण भाव वाढेल म्हणून वडील थांबलेत. भाव वाढला की कोण किती माल बाहेर काढू शकतो आणि कोणाला थांबणंच परवडत नाही, हेच तर मला शिकवायचं होतं. तिच्या घरात ते खोलीभर पडलं होतं आणि मी तिला पुस्तकातली व्याख्या मागत बसलो होतो.

कॉपी चूकच आहे, त्यासाठी गुण मी कापले. पण ज्या प्रश्नाला कोणाचंही उत्तर चालतं, त्याचं उत्तर ग्रुपवर फिरणारच.

आमच्याकडे आता परीक्षेच्या वेळी कॅमेरा चालू ठेवायची सक्ती करा, असं चाललंय. माझा विरोध आहे. घरात तीन भावंडांत एक मोबाइल असतो. सातपुड्यातल्या पाड्यांवर रेंजसाठी टेकडी चढावी लागते, तिथे व्हिडिओ तुटला की पोरगं संशयित? साम्य शोधणारं सॉफ्टवेअर शब्द जुळवतं, दुसऱ्याकडून नव्याने लिहून घेतलेलं त्याला कळत नाही. आणि एआयने लिहिलेलं ओळखण्याचं म्हणाल, तर खुद्द चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने जानेवारी २०२३ मध्ये आणलेलं साधन अचूकता कमी म्हणून त्याच जुलैत बंद केलं. त्या भरवशावर मी माझ्या विद्यार्थ्याला चोर म्हणणार नाही.

आयआयटींच्या ऑनलाइन कोर्सेसची, म्हणजे एनपीटीईएलची पद्धत मला पटते. घरून केलेल्या असाइनमेंटला २५ गुण, केंद्रावर समोर बसून दिलेल्या परीक्षेला ७५. आपल्या कॉलेजांनी निदान एवढं तरी करावं.

मी यावेळी प्रश्न बदलला. तुमच्या घरचा किंवा शेजारचा माल यंदा कधी, कोणाला, काय भावाने गेला आणि तेव्हाच का विकला, ते लिहा. वर प्रत्येकाला पाच मिनिटांचा फोन, लिहिलेल्यावरच दोन प्रश्न. ६४ जणांचे ३२० मिनिटं होतात, म्हणजे पाच तासांच्या वर. या कामाचा तासिकांत हिशोब धरला जात नाही, आणि तो धरायलाच हवा, नाहीतर कोणता शिक्षक हे करेल?

५३ झाले. उरलेल्या अकरा जणांना उद्या सातनंतर फोन करतो, तोवर पोरं शेतातून घरी आलेली असतात.