बुचाच्या प्लेटा आणि आंबा घाट

सपाट मुलखात राहणाऱ्या माणसाला आपल्या मोटारसायकलचा क्लच, म्हणजे इंजिनाची ताकद चाकाकडे जोडणारा-तोडणारा भाग, झिजला आहे हे कित्येक महिने कळत नाही. कोकणात बेड्याबाहेर, म्हणजे अंगणाच्या फाटकाबाहेर, पडून रस्ता गाठायलाही चढ लागत असल्याने असली गुपिते फार काळ टिकत नाहीत. माझ्या येझदी रोडकिंगचे गुपित आंबा घाटात फुटले. साखरपा सोडून चढण सुरू झाली की इंजिन जिवाच्या आकांताने ओरडे, आणि गाडी मात्र मानपानावरून रुसलेल्या व्याह्यासारखी पुढे पाऊल टाकायला तयार नसे.

गाडी बिघडली की आमच्या वाडीत निदानाचा दुष्काळ पडत नाही. भाऊकाकांनी पाहताक्षणी प्लग खराब ठरवला, त्यांच्या धाकट्या भावाने कार्ब्युरेटरवर संशय घेतला, आणि आयुष्यात सायकलपलीकडे काही न चालवलेल्या तिसऱ्या गृहस्थांनी पेट्रोलचा वास घेऊन मान हलवली. मेकॅनिकने मात्र आधी केबल पाहिली. क्लचच्या दांडीला थोडी ढिलाई असावी लागते. केबल ताणलेली राहिली तर क्लचमधल्या प्लेटा एकमेकींवर पूर्ण दाबल्याच जात नाहीत आणि धडधाकट क्लचही घसरतो. केबल सैल करूनही ओरडणे थांबेना, तेव्हा तो गंभीरपणे म्हणाला, “दादा, प्लेटा गेल्या.” हे त्याने अशा सुरात सांगितले की मी नकळत चप्पल काढून उभा राहिलो.

या प्लेटांवर बूच बसवलेले असते. बूच म्हणजे एका जातीच्या ओक वृक्षाची साल, आणि ती जगात सर्वांत जास्त निघते पोर्तुगालात. पोर्तुगीज गोव्यातून गेले 1961 साली. त्याच वर्षी म्हैसूरला, पुढे येझदी काढणाऱ्या आयडियल जावाचा कारखाना सुरू झाला, आणि मागच्या दाराने त्यांच्या झाडाची साल आमच्या गाड्यांत शिरली, असा इतिहास मी भाऊकाकांना ऐकवला. त्यांनी तो प्लगच्या मुद्द्याशी असंबद्ध ठरवला. कारखाना 1996 साली बंद पडल्यामुळे प्लेटा कोल्हापूरहून मागवाव्या लागल्या. एसटीच्या पार्सलने त्या येईपर्यंत मी पायी हिंडलो आणि वाटेत भेटणाऱ्या प्रत्येकाला क्लच म्हणजे काय ते समजावून सांगितले.

या गाडीत किक आणि गिअरची दांडी एकच असते: वर उचलून मारली की किक, पुढे पाडली की गिअर. ती आणि क्लचचे झाकण दोन्ही डावीकडे, म्हणून आधी दांडी निघाली पाहिजे, मग झाकण. झाकणाचे स्क्रू खाऱ्या हवेने असे धरले होते की त्यांना ठोके, डिझेल आणि शिव्या हे तिन्ही उपचार करावे लागले. झाकण निघाल्यावर काळ्याकुट्ट ऑइलबरोबर बुचाचा चुरा बाहेर आला. मधल्या पोलादी चकत्या तापून मोरपंखी निळ्या झाल्या होत्या. इतका सुंदर रंग इतक्या वाईट बातमीला यावा याचे मला वैषम्य वाटले. तेवढ्यात एक स्प्रिंग सुटून फणसाखालच्या पाचोळ्यात गेली. ती शोधायला जमलेल्या मंडळींना दोन हरवलेली गोट्यांची डबडी, एक नारळ सोलायच्या सुळ्याचा तुकडा आणि सर्वांत शेवटी स्प्रिंग सापडली.

नव्या प्लेटा कोरड्या बसवायच्या नसतात. बूच ऑइल प्यायले की मगच त्या नीट धरतात आणि सुटतात. म्हणून त्या रात्रभर भिजत घालायच्या होत्या, आणि त्या मापाचे भांडे घरात एकच होते. सकाळी आईने पातेल्यावरचे ताट उचलले. त्यानंतर जे बोलणे झाले ते येथे देत नाही. पातेले आता गाडीच्या मालमत्तेत जमा आहे, आणि नव्या पातेल्याची किंमत प्लेटांपेक्षा फारशी कमी नव्हती.

झाकणाचे जुने पॅकिंग ब्लेडने खरवडण्यात एक दुपार गेली, बाकीचे काम मेकॅनिकने चहा गार व्हायच्या आत उरकले. भाऊकाकांना मागे बसवून मी घाटात गेलो. गाडी एका दमात चढत गेली; माथ्यावर मी विजयी मुद्रेने मागे वळून पाहिले.

“चढली खरी,” काका खाली दरीकडे बघत म्हणाले, “पण आता उतरायचंय. मागचा ब्रेक कधी बघितलायस?”