सळई मध्यभागी असेल, तर खोली पूर्ण जाडीची कशी?

सळया घातलेल्या ब्लॉकच्या भिंतीची वाकण्याची क्षमता चार ओळींत काढून देणारा एक संदेश सध्या व्हॉट्सॲपवर फिरतो आहे. माझ्या भाच्याने नोकरीतल्या पहिल्याच भिंतीचे गणित त्यावरून केले आणि मला दाखवायला आणले, म्हणून हे लिहिणे भाग आहे.

संदेशातली पहिली ओळ सर्वांत घातक आहे: ‘सूत्रातली खोली म्हणजे भिंतीची जाडी.’ भिंत वाकते तेव्हा तिची एक कड दाबली जाते आणि दुसऱ्या बाजूची ओढ सळई घेते; ही खोली दाब पडणाऱ्या कडेपासून सळईच्या मध्यापर्यंत मोजायची असते. भाच्याने आकृतीत सळई १९० मिमी जाडीच्या बरोबर मध्यावर काढली होती आणि शेजारच्याच गणितात खोली १९० लिहिली होती. ती ९५ हवी. टीएमएस ४०२ या मेसनरीच्या (ब्लॉक-विटांच्या बांधकामाच्या) अमेरिकी संहितेप्रमाणे दाबाचा आयत, म्हणजे कडेजवळचा दाब सोसणारा पट्टा, मेसनरीच्या ०.८० पट ताकदीचा धरू. १२ मिमीची सळई दर ६०० मिमीवर, पोलाद ४१५ मेगापास्कलचे आणि मेसनरी १० मेगापास्कलची असेल, तर सळईतील ओढ सुमारे ४७ किलोन्यूटन आणि आयताची खोली जेमतेम १० मिमी येते. म्हणजे प्रत्येक सळईमागे क्षमता (ओढ गुणिले, ९५ मधून आयताची अर्धी खोली वजा करून उरलेले अंतर) सुमारे ४.२ किलोन्यूटन-मीटर होते. संदेशाच्या हिशेबाने ती ८.७ दिसते. एवढ्या पातळ भिंतीत सळई १५ मिमी दाबाच्या बाजूला सरकली, तरी सहावा हिस्सा क्षमता जाते. इथे तर कागदावरच ९५ मिमीची चूक आहे. सळई एका कडेला सरकवून खोली वाढवता येते, हे खरे. पण वारा दोन्ही बाजूंनी ढकलतो आणि उलट दिशेला तीच सळई तोकडी पडते.

‘ग्राउट फक्त सळई जागेवर राहावी म्हणून, मॉर्टर टाकले तरी चालते’ हेही चूक आहे. ग्राउट म्हणजे सळईभोवती ब्लॉकच्या पोकळीत ओततात ते पातळ काँक्रीट, मॉर्टर म्हणजे सांध्यांतला घट्ट मसाला. ब्लॉक पाणी शोषतात, म्हणून ग्राउट २०० ते २८० मिमी स्लंपचे (साचा काढल्यावर एवढे खाली बसणारे), वाहते ठेवतात. घट्ट मॉर्टर खाली जाताना अडकते, पोकळ्या राहतात आणि सळईची पकड सुटली की वरचे सूत्रच लागू होत नाही.

‘वरचा भार वाकण्याची क्षमता नेहमी घटवतो’ हेही खरे नाही. माफक भाराने ती वाढते, संतुलन-बिंदू (जिथे पोलाद ताणले जाणे आणि मेसनरी चुरडणे एकाच वेळी होते) ओलांडल्यावरच घटते. उंच भिंतीच्या झुकण्यामुळे वाढणारा मोमेंट (वाकवणारा परिणाम) मागणीच्या, म्हणजे भिंतीला सोसाव्या लागणाऱ्या भाराच्या बाजूला वेगळा धरायचा असतो.

‘सळया दुप्पट, ताकद दुप्पट’ यात मात्र अर्धे सत्य आहे, हे नाइलाजाने मान्य करतो. दाबाचा आयतही खोल होत जातो, त्यामुळे इथे दुप्पट सळयांना १.९ पट क्षमता मिळते. शिवाय मेसनरी चुरडण्याआधी पोलाद ताणले जावे म्हणून संहिता सळयांवर कमाल मर्यादाही घालते. भाच्याच्या भिंतीला दर ६०० मिमी रुंदीमागे ६ किलोन्यूटन-मीटर लागत होते. सुरक्षिततेसाठी क्षमता ०.९ ने गुणल्यावर त्याच्या कागदावर ७.८ होते, प्रत्यक्षात ३.८. सळया ३०० मिमीवर आणल्यावर ७.२ मिळाले, तेव्हा त्याने आकृती बदलली.