गुडघेदुखी, मेंदू आणि 'मनाचे खेळ' : एका ताईंच्या प्रतिक्रियेला उत्तर

ताई, तुमची प्रतिक्रिया वाचली आणि कमेंटच्या चौकटीत उत्तर मावेना म्हणून इथे सविस्तर लिहितेय. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते, मागच्या लेखात मी म्हटलं होतं की वर्षानुवर्षं अंग दुखत राहिलं की त्याचा परिणाम मेंदूवर आणि स्मरणशक्तीवरही होतो. त्यावर ताईंचं म्हणणं असं की आईच्या गुडघ्यांची झीज एक्स-रेत ढळढळीत दिसतेय, तरी घरचे 'तुझं सगळं मनाचं आहे' म्हणून तिला ऐकवतात, आता तुम्ही मेंदूचं नाव काढून त्यांच्या हातात आयतं कोलीत दिलंत, आणि मेंदू आकसतो हे वाचून आई रात्रभर झोपली नाही ती वेगळीच. लेख काढून टाका.

लेख मी काढणार नाही, पण तुमचे दोन्ही मुद्दे महत्त्वाचे आहेत.

आधी ते 'मनाचं आहे' घेऊ, कारण फिजिओथेरपी करताना मला सगळ्यात जास्त चीड ह्याच वाक्याची येते. मेंदू हा शरीराचाच अवयव आहे हो, हृदय किंवा किडनीसारखाच. गुडघ्यातून निघालेला संदेश नसेतून पाठीच्या कण्यात आणि तिथून मेंदूत पोचतो तेव्हाच माणसाला दुखतं, हे सगळ्यांचंच होतं, तुमच्या आईचं काही वेगळं नाही. आणि हा संदेश महिनोन्‌महिने येत राहिला की वाटेतल्या नसाच जास्त तापट होतात. 1983 मध्ये क्लिफर्ड वूल्फ ह्या संशोधकांनी लंडनमध्ये उंदरांवर काम करून दाखवलं की पायाला इजा झाल्यावर कण्यातल्या पेशी एवढ्या संवेदनशील होतात की साध्या स्पर्शालाही जोरात प्रतिसाद द्यायला लागतात. आता उंदराला काय सुनेला त्रास द्यायचाय की कामं टाळायचीत? हा नसांमधला बदल आहे, ह्यात नाटक कुठेच नाही, आणि घरच्यांना हे बिनधास्त वाचून दाखवा.

एक्स-रेबद्दल एवढंच सांगते की फोटोतली झीज आणि प्रत्यक्ष दुखणं ह्यांचा हिशोब दरवेळी जुळत नाही. मणक्यांचंच बघा, अजिबात दुखत नसलेल्या 3110 लोकांचे स्कॅन एकत्र करून 2015 मध्ये आढावा घेतला तर विशीतल्या 37 टक्के लोकांच्या मणक्यांमधल्या चकत्या (डिस्क) झिजलेल्या निघाल्या आणि ऐंशीतल्या 96 टक्के लोकांच्या. म्हणून झीज खोटी आहे असं नाही, पण नुसत्या झिजेवरून 'आता हे आयुष्यभराचं' असं ठरवून बसू नका.

आता आकसण्याचं. 2004 मध्ये शिकागोला आपकारियन ह्या मेंदू-संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुनाट कंबरदुखीच्या 26 रुग्णांचे मेंदू स्कॅन केले, आणि निरोगी लोकांच्या तुलनेत मेंदूच्या बाहेरच्या थरातला करडा भाग (ग्रे मॅटर, म्हणजे जिथे मेंदूच्या पेशी दाटीने असतात तो) 5 ते 11 टक्के कमी दिसला, वयामुळे 10 ते 20 वर्षांत होते तेवढी घट. ही बातमी जगभर फिरली, आईने घाबरण्यासारखीच आहे ती. पण त्यानंतर जे झालं ते फारसं कुणी सांगत नाही! 2009 मध्ये जर्मनीत खुब्याच्या संधिवाताच्या रुग्णांमध्येही अशीच घट दिसली, मग त्यातल्या 10 जणांचे सांधे बदलल्यावर, त्यांचं दुखणं पूर्ण थांबल्यावर, 6 आठवड्यांनी आणि 4 महिन्यांनी परत स्कॅन केले तर घटलेले बरेच भाग पुन्हा भरायला लागले होते. पेशी मेल्याच असत्या तर चार महिन्यांत परत कुठून आल्या असत्या? 2011 मध्ये माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात कंबरदुखीवर हेच दिसलं, उपचारानंतर 6 महिन्यांनी मेंदूचा पुढचा एक भाग, जो लक्ष एकाग्र करायला लागतो, तो जाड झाला, आणि ज्यांचं दुखणं जास्त कमी झालं त्यांच्यात जास्त. हे अभ्यास छोटे आहेत हे खरं, पण दिशा एकच आहे ना.

हे रोजच्या जगण्यात कसं दिसतं ते सांगते. माझ्याकडे कंबरदुखीच्या एक काकू यायच्या, त्यांची तक्रार कंबरेपेक्षा कुकरची जास्त होती. शिट्ट्या मोजता येईनात, दुसरी की तिसरी तेच कळेना, भात करपायचा नाहीतर कच्चा राहायचा, आणि घरात सगळे म्हणायचे विसरभोळ्या झाल्यात. अहो, ओट्याशी उभं राहताना कंबरेतून कळ येतेय, निम्मं लक्ष तिथेच, रात्रीची झोप तुकड्यातुकड्यात, भिशी आणि हळदीकुंकू बंद केल्यामुळे चार माणसांत बोलणंही संपलेलं, मग शिट्टी लक्षात राहणार कशी? झोप सुधारली, थोडं चालणं सुरू झालं, कळ कमी झाली, तसं त्यांचं ते शिट्ट्यांचं गणितही बसलं.

म्हातारपणी विसर पडण्याचंही आईला खरं तेच सांगा. अमेरिकेत साठीच्या पुढच्या 10 हजारांवर लोकांचा डेटा तपासून 2017 मध्ये आलेल्या अभ्यासात सतत दुखणाऱ्यांची स्मरणशक्ती इतरांपेक्षा 9.2 टक्के जास्त वेगाने घसरली होती. पण हा संबंध आहे, दुखण्यानेच झालं असा पुरावा नाही, नैराश्य, औषधं, हालचाल बंद होणं हे सगळं त्यात मिसळलेलं असतं, आणि ह्यातल्या बऱ्याच गोष्टींवर इलाज होतो. म्हणूनच तर मी तो लेख लिहिला, कारण आपल्याकडे बायका दुखणं अंगावर काढतात, वर्षानुवर्षं, आणि घरच्यांना ते चालूनही जातं.

तुम्ही शेवटी विचारलंय की मग आता करायचं काय. आईच्या गोळ्यांची पिशवी घेऊन डॉक्टरांकडे जा आणि प्रत्येक गोळी कशासाठी ते विचारा. त्यात अमिट्रिप्टिलीन, प्रीगाबालिन किंवा गाबापेंटिन असेल तर मुद्दाम विचारा, कारण ह्या औषधांनी गुंगी येऊ शकते, विसरायला होऊ शकतं, कधीकधी डोस किंवा वेळ बदलून फरक पडतो, पण परस्पर बंद मात्र करू नका. मेडिकलमधून आणलेल्या पेनकिलर रोज चालू असतील तर तेही लपवू नका, किडनीचा प्रश्न असतो. गुडघ्यासाठी मांडीचे स्नायू बळकट करणं हा पहिला उपचार आहे, सुरुवात खुर्चीतून उठ-बस करण्यापासून, दुखणं थोडं वाढलं तरी सांधा बिघडत नाहीये हे फिजिओथेरपिस्टने समोर बसून समजावलं की भीती बरीच जाते. आणि ऑपरेशनचा विषय निघाला असेल तर 'मनाचं आहे' म्हणणाऱ्यांपैकी एकाला तरी सोबत न्या, डॉक्टरांच्या तोंडून त्यांनी ऐकायला हवं.