विडी स्वस्त, भाषण फुकट

विषय निघाला विडीचा जीएसटी 28 वरून 18 वर आणल्याचा आणि सदा लगेच सुरू, "तंबाखूवर सरसकट बंदी घाला, विषय संपला!" डीजे असो, भटकी कुत्री असोत नाहीतर आयपीएल, सदाचं औषध एकच.

"महाराष्ट्रात गुटखाबंदी 2012 लाच झाली की," वैशाली म्हणाली. (ती दाताच्या दवाखान्यात असते, रोज लोकांची तोंडं बघते, त्यामुळे तिच्यासमोर आम्ही जरा जपूनच.) "आता एका पुडीत पानमसाला, दुसरीत तंबाखू, गिऱ्हाईक स्वतःच मिसळतं. कारखान्याचं मिक्सिंग वाचलं, बास."

सदाने न्यूझीलंड काढलं, तिथे म्हणे 2009 पासून जन्मलेल्या पोरांना सिगारेट कधीच विकायची नाही. "तो कायदा 2024 ला रद्द पण झाला रे," वैशाली. सदा चहाकडे वळला.

मग विन्या म्हणाला सिगारेटला 40 टक्के लावलाय ना, अजून काय पाहिजे. इथे मात्र ती तापली. "2016-17 चा सरकारी सर्व्हे बघ, सिगारेटवाले 4 टक्के, विडीवाले जवळजवळ दुप्पट, आणि मशेरी, खैनी, मावा वगैरे बिनधुराचं खाणारे 21 टक्के! आणि आपलं धोरण कुठे, तर सिगारेटच्या पाकिटावर. 85 टक्के जागेत चित्र छापलंय. पक्या, तू अख्खं पाकीट शेवटचं कधी घेतलंस?"

पक्या सुटी सिगारेट घेतो, एकेक करून, आणि अशी सुटी विकायला राज्यात 2020 पासून बंदी आहे हे त्याला तिथेच कळलं.

"सोडायचीय त्यांच्यासाठी 1800-11-2356 नंबर आहे, तोही पाकिटावरच. म्हणजे पक्याला तोही दिसणार नाही."

विन्या म्हणाला अगं पण सोलापूरच्या विड्या वळणाऱ्या बायकांनी खायचं काय? (कधी नव्हे तो विन्याचा मुद्दा खरा होता.) "त्यांना दुसरं काम मिळवून द्यायला पैसा काढा ना, विडी स्वस्त करून वळणारीची मजुरी कुठे वाढते? आधी विडी आणि पुडीवर टॅक्स, मग प्रत्येक सरकारी आरोग्य केंद्रात तंबाखू सोडवायला माणूस, पोस्टर-बिस्टर नंतर. पण करणार कोण, सरकारच्या एलआयसीकडेच सिगारेटवाल्या आयटीसीचे ढीगभर शेअर!"

विन्या प्रायव्हेट विमेवाला, एलआयसी ऐकून तो जरा खुललाच, म्हणाला बघा, आमच्याकडे सिगारेटवाल्याला प्रीमियमच जास्त, असा दणका पाहिजे.

"मग माझ्या फॉर्मवर नॉन-स्मोकर कोणी लिहिलं?" पक्या.

विन्या लालेलाल. वैशालीला ठसका लागला, सदा म्हणाला क्लेम रिजेक्ट झाला तर वहिनी पहिले विन्याला धरणार, आणि त्यावरून मग विन्याने स्वतःच्या सासऱ्याला कुठली पॉलिसी चिकटवली ते सगळं नव्याने निघालं, तंबाखू राहिली बाजूला.